सासूबाईंचे गुडघे आणि ठरलेली तारीख

प्रश्न : मॅडम, माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे पार झिजलेत, एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘ग्रेड फोर’ लिहिलंय. हाडांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही वाट्या एकदमच बदलून टाकू. माझे मिस्टर आणि दीर यांनी आपसात बोलून तारीखही घेतली. सासूबाईंना विचारलं की म्हणतात, “तुम्ही ठरवाल ते.” पण परवा ओट्यापाशी मला हळूच म्हणाल्या, “नंतर मला पाटावर बसता येईल का गं?” मला उत्तर देता येईना. पुन्हा जाऊन विचारलं तर डॉक्टरांना राग येईल, असं मिस्टरांचं म्हणणं. काय करू?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, आधी पाटाचं सांगते. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचा प्रश्न तोच आहे, आणि ज्यांचे गुडघे आहेत त्यांनीच तो विचारलाय.

वाटी बदलल्यावर बहुतेक सर्जन मांडी घालणं आणि उकिडवं बसणं टाळायला सांगतात. काहींचा गुडघा तेवढा वाकतोही, पण नव्या सांध्यावर तो ताण नको म्हणून. म्हणजे पूजा खुर्चीवर, जेवण टेबलावर, संडास कमोडचा. माझ्याकडे पंचवटीतल्या एक आजी यायच्या. त्यांना रोज सकाळी गोदाकाठी चालत जाऊन यायचं होतं, बाकी खुर्ची चालणार होती. त्यांनी ऑपरेशन केलं आणि त्या मजेत आहेत. निफाडकडच्या दुसऱ्या बाईंचा एक्स-रे जवळपास तसाच, पण त्यांचा दिवस कांद्याच्या वावरात खाली बसून खुरपण्यात जायचा. त्यांनी वजन उतरवलं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चिकाटीने केले आणि ऑपरेशन पुढे ढकललं. दोघींनीही बरोबरच केलं. एक्स-रेवरून सांधा किती झिजलाय ते कळतं. दुखणं किती आहे आणि कशासाठी चालायचंय, हे त्या फिल्मवर उमटत नाही. (मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझं पारडं व्यायामाकडे जरा झुकतंच, ते धरूनच वाचा.)

सासूबाईंच्या कानावर आकडेही जाऊ देत. बदललेले गुडघे टिकतात चांगले : परदेशातल्या मोठ्या नोंदींनुसार शंभरातले साधारण ८२ गुडघे २५ वर्षं काम देतात. पण ऑपरेशननंतरही पाचातल्या साधारण एकाचं दुखणं रेंगाळतं, आणि शंभरात एक-दोघांना सांध्यात जंतुसंसर्ग होतो. साखर ताब्यात नसेल तर हा धोका वाढतो. दोन्ही गुडघे एकदम केले तर भूल एकदाच आणि अंथरुणही एकदाच, पण हृदयावर, फुप्फुसांवर भार जास्त आणि रक्त चढवावं लागण्याची शक्यताही जास्त. त्यांना बीपी, हृदयविकार, मधुमेह यांपैकी काही आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकदम की एकेक, हे त्यावर बरंचसं ठरतं. तेव्हा “दोन्ही एकदम का?” हे डॉक्टरांना नक्की विचारा.

आता ‘तुम्ही ठरवाल ते’. आपल्याकडच्या बायका लग्नापासून हे वाक्य म्हणत आल्यात, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ ‘खर्च तुम्ही करणार, मी कोण बोलणार’ असा असतो. मुलं घरात नसताना, भाजी निवडता निवडता त्यांना विचारा : काय करता येत नाही म्हणून जास्त त्रास होतो? जिना? रात्रीची झोप? वणीच्या गडावर जाणं? (गडाचं म्हणाल तर तिथे आता ट्रॉली आहे, तेवढ्यासाठी गुडघा बदलू नये.) सगळं ऐकून, समजून घेऊनही “मुलांनीच ठरवा” म्हणाल्या, तर तोही त्यांचाच निर्णय; मग हट्ट धरू नका.

डॉक्टरांची वेळ पुन्हा घ्या, पण गर्दीच्या ओपीडीत घुसू नका. शेवटची वेळ मागा. समोरच्या खुर्चीवर सासूबाई, मुलं मागे. ऑस्ट्रेलियात रुग्णाच्या भूमिकेतल्या कलाकारांना तीन प्रश्न विचारायला लावून पाहिलं, तेव्हा डॉक्टरांकडून जास्त माहिती मिळाली. तेच तीन कागदावर लिहून न्या : माझ्यापुढे पर्याय कोणते? प्रत्येकाचा फायदा-तोटा काय? आणि माझ्या बाबतीत तो होण्याची शक्यता किती? काहीच न करणं हाही एक पर्याय धरून विचारा. पाटाचा प्रश्न मात्र सासूबाईंनी स्वतःच विचारायचा.

राग येईल का? एखाद्याला येतो. मी अनेक सर्जनबरोबर काम केलंय. ज्यांचा हात चांगला, त्यातले बरेचजण अशा प्रश्नांनी उलट सुटकेचा श्वास सोडतात, कारण पुढे “मांडी घालता येत नाही, ऑपरेशन फसलं” हे त्यांनाच ऐकावं लागतं. आणि संमतीपत्रावरच्या सहीचं म्हणाल तर २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केलंय : तपासणीपुरती संमती दिलेली बाई भुलीत असताना तिच्या आईच्या होकारावर गर्भाशय काढलं गेलं, ते चूक. जिवाला तातडीचा धोका नसताना एरवी स्वतः ठरवू शकणाऱ्या, सज्ञान माणसाची संमती दुसरं कुणी देऊ शकत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन तर घाईचं नसतंच. महिना-दोन महिने तारीख सरकली तर बिघडत नाही. मात्र चालणंच बंद होईपर्यंत थांबू नका. स्नायू गेले की ऑपरेशननंतर सावरणं अवघड होतं.

प्रश्न : दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय, पण हॉस्पिटल वडिलांचे कागद देत नाही. ‘नंतर या’ म्हणतात.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : वडिलांच्या सहीचा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. दुसरं मत घेण्याचा हक्क महाराष्ट्राच्या नर्सिंग होमविषयीच्या २०२१ च्या नियमांतल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे, आणि ही सनद हॉस्पिटलात लावलेली असायला हवी. रिसेप्शनच्या आसपासच्या भिंतीवर बघा. सापडली तर फोटो काढून तो अर्जाला जोडा. एक्स-रे, एमआरआय असेल तर नुसता रिपोर्ट घेऊ नका, फिल्म किंवा सीडीही मागा. दुसरे डॉक्टर आधी तीच मागतील.