सगळं लिहून घेणारी मुलगी

"मॅडम, माझी बाय वर्गात मान वर न करता लिहिते. तरी विज्ञानाला वीसपैकी सात!" हर्णैहून आलेल्या आईने दप्तरातल्या वह्या टेबलावर ठेवल्या. गणपती नुकतेच झाले होते, पहिल्या घटक चाचणीचे पेपर हातात आले होते. दर वर्षी याच दिवसांत ही काळजी घेऊन कुणी ना कुणी येतंच. मूल कष्टाळू, वही भरलेली, पण आठवत काहीच नाही.

मी वही उघडली. दहावीच्या ‘गुरुत्वाकर्षण’ पाठाची अकरा पानं. सरांचं प्रत्येक वाक्य, अगदी ‘हे मागच्या वर्षी आलं होतं’ हेसुद्धा. मी वही मिटून विचारलं, "मुक्तिवेग म्हणजे काय गं? तुझ्या शब्दांत सांग."

तिचे डोळे भरले. "लिहिलंय मी ते," एवढंच म्हणाली.

लिहिलं होतंच, ऐकलं नव्हतं. शिक्षक मिनिटाला शंभरेक शब्द सहज बोलतात, मुलाचा हात वीस-पंचवीस शब्दांवर थकतो. सगळं पकडायला गेलं की मन सुटलेल्या शब्दांमागे धावतं, अर्थाकडे बघायला उसंत मिळत नाही. शिवाय तिच्या लिहिण्यात भीती होती. आठवीत वही अपुरी म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. अशा मुलीला ‘कमी लिही’ सांगून भागत नाही, तिला तो कामचुकारपणा वाटतो.

मी आईकडे वळले. "ताई, मासळीच्या लिलावात हिशोब कसा ठेवता?"

तिने पिशवीतून छोटी डायरी काढली. हर्णैच्या किनाऱ्यावरचा लिलाव ज्याने पाहिलाय त्याला तिथली घाई ठाऊक आहे. पण तिच्या पानावर कोण काय बोली बोललं ते नव्हतं. ‘सु ३’, पुढे आकडा, आणि एका नावाभोवती गोल.

"गोल म्हणजे पैसे यायचेत. बाकीचं ध्यानात राहतं. रात्री मोठ्या वहीत उतरवते. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर माझं मलाच लागत नाही."

मुलगी वाकून ती डायरी बघत राहिली.

मग आम्ही पान आखलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी केलेली ही मांडणी मी बरीच वर्षं वापरते. वर्गात उजवीकडे मोजकं लिहायचं, डावीकडचा रुंद समास कोरा सोडायचा. घरी आल्यावर त्यात प्रश्न लिहायचे, तळाशी दोन ओळींत सार. तिने उजवीकडे लिहिलं, ‘पुरेसा वेग दिला तर वस्तू परत येत नाही. पृथ्वी ११.२ किमी/से.’ आणि डावीकडे स्वतःहून, ‘चंद्रावर कमी वेग का पुरतो?’

व्याख्या, सूत्र, आकृतीतली नावं मात्र जशीच्या तशी घ्यायची, सर उत्तर उतरवून देतात तेही. परीक्षेत त्याला गुण असतात. पण सर समजावून सांगत असताना पेन खाली.

प्रश्न त्याच संध्याकाळी लिहायचे, यावर मी अडून बसते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की पाठ केलेलं सर्वांत वेगाने विसरतं ते पहिल्या काही तासांत. दहा मिनिटं पुरतात. उजवी बाजू झाकायची आणि उत्तरं मोठ्याने द्यायची.

आईलाही एक सांगितलं, "आज किती पानं लिहिलीस, हे विचारू नका. आज काय कळलं, ते विचारा." ती ओशाळली. रोज पानंच मोजत होती. वर्गशिक्षकांशी मी फोनवर बोलले, नाहीतर आखूड वही पाहून तिला पुन्हा बोलणी बसली असती.

दिवाळीच्या सुट्टीआधी दोघी परत आल्या. इतिहासाच्या तासाला जुनी सवय अजून सुटली नव्हती, तिथले सर भरभर बोलतात. विज्ञानाचा नवा पाठ मात्र चार पानांत मावला होता. समासातल्या एका प्रश्नाभोवती पेन्सिलीचा गोल होता.

"हा कशाला?"

"हे अजून कळलं नाही. उद्या सरांना विचारायचंय."