टू-स्ट्रोक डर्ट बाइकला पेट्रोल-ऑइलचं प्रमाण किती ठेवावं? ऑइल थोडं जास्त टाकलेलं बरं असतं का?

सायलेन्सरमधून काळं ओघळतं म्हणून तुम्हाला ऑइल कमी करून 50:1 वर (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) जायचंय, पण ‘सेफ्टीसाठी जरा जास्तच टाक’ असं तुमचा मित्र सांगतो म्हणे. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

32:1, 40:1 की 50:1 हा वाद तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. यामाहाच्या वायझेड डर्ट बाइकच्या मॅन्युअलमध्ये 30:1 लिहिलेलं असतं, केटीएमच्या कार्बवाल्या (कार्ब्युरेटरवाल्या) बऱ्याच 250-300 सीसी गाड्यांना 60:1 चालतं. एकीत दुसरीच्या दुप्पट ऑइल, आणि दोन्ही धडधाकट. कंपनीनं लिहिलंय ते टाका, ऑइल जेएएसओ एफडी दर्जाचं (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) घ्या, त्या प्रमाणावर जेटिंग (कार्बमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रांचं माप) बसवा आणि मग प्रमाणाला हात लावू नका. प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच.

आता ‘जास्त ऑइल म्हणजे सेफ’ या प्रकाराबद्दल.

माझा थोरला मामेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, आयुष्यभर फोर-स्ट्रोक चालवत आलाय. एकदा हौसेनं माझी 125 सीसीची टू-स्ट्रोक घेऊन गेला आणि ट्रेलरवर घालून परत आणली. किक जागची हलेना. गाडी खाली उतरायच्या आधीच याचा निकाल तयार: “चाळीसला एक टाकतोस, दुसरं काय होणार? ऑइलमध्ये कसली रे कंजुषी?” तेही सगळ्या भावंडांसमोर.

मी वाद घातला नाही, बॅरल (सिलिंडर) उतरवला. पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूनं उभे ओरखडे, रिंग खाचेत रुतलेली, पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला फासलेलं. इथवर दादाच बरोबर वाटावा असं दृश्य होतं. पण कनेक्टिंग रॉडवरून बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. रॉडच्या खालच्या टोकाचं, म्हणजे बिग एंडचं बेअरिंग तेलानं चकचकीत, रॉड वर-खाली ओढून पाहिला तर खेळ नाही. क्रँककेसच्या (क्रँक फिरतो त्या पेटीच्या) तळाशी चक्क ऑइल साचलेलं. ऑइलचा दुष्काळ असता तर तो इथे दिसला असता.

मग मॅग्नेटोचं (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाचं) कव्हर काढलं. तिथे सगळं कोरडं असायला हवं. फ्लायव्हील काढलं तर मागे काळा, तेलकट चिखल. त्या बाजूचं क्रँक सील (क्रँकभोवतीची हवाबंद रबरी रिंग) कडक पडलं होतं. खात्री म्हणून बॅरल परत चढवला, इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद केले, हातपंपानं 6 पीएसआयच्या आसपास हवा भरली आणि सीलवर साबणाचं पाणी सोडलं. सीलच्या कडेनं बुडबुडे यायला लागले आणि पंपावरचा काटा खाली सरकत गेला. म्हणजे चालताना इंजिन तिथून फुकटची हवा ओढत होतं, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं, पिस्टन तापून फुगला आणि चिकटला.

दादाला विचारलं, गाडी चालत कशी होती? “झकास! शेवटी शेवटी तर नुसती पळत होती. तापली की आयडल आपोआप चढायचं, म्हणून मी स्क्रू थोडा कमी केला.” लीन होत चाललेलं इंजिन जॅम होण्याआधी असंच झकास पळतं. आणि आयडल आपोआप चढतंय म्हणजे बहुतेक वेळा कुठून तरी हवा घुसतेय. तिथे गाडी बंद करायची असते, स्क्रू फिरवायचा नसतो.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. टाकीत चारेक लिटर पेट्रोल होतं, माझं 40:1 चं मिसळलेलं. त्यात या महाशयांनी दुपारी ‘सेफ्टीसाठी’ 100 मिलीची आख्खी बाटली उपडी केली होती. हिशोब करा. 4 लिटरमध्ये 40:1 नं आधीच 100 मिली. वर आणखी 100. म्हणजे गाडी 20:1 वर जॅम झाली आणि नाव खराब झालं 40:1 चं!

जेटमधून जाणारा माल ठरलेला असतो. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो, इथे साधारण अडीच टक्क्यांनी घटला. हवा तेवढीच, पेट्रोल कमी. म्हणजे जास्त ऑइलनं मिश्रण उलट लीनच होतं. धडधाकट इंजिन एवढ्यानं मरत नाही, मारेकरी ते सीलच होतं. पण आधीच हवा खाणाऱ्या इंजिनाला दादाच्या सेफ्टीनं मागून धक्का दिला, हे मी आजही म्हणतो. तो आजही कबूल करत नाही.

तुमच्या सायलेन्सरमधून काळं ओघळतं आणि म्हणून तुम्हाला 50:1 वर जायचंय. नका जाऊ. ऑइल कमी केलंत तर पेट्रोलचा वाटा वाढेल आणि मिश्रण आणखी रिच (पेट्रोल जास्त) होईल. ते ओघळ बहुतेक वेळा रिच जेटिंगचे असतात, नाहीतर गाडी सतत कमी रेसवर रेंगाळत चालवल्याचे. कार्बमधलं पायलट जेट (कमी रेसचं पेट्रोल सोडणारं) आणि नीडलची (मधल्या रेसचं पेट्रोल ठरवणाऱ्या सुईची) क्लिप आधी बघा. मात्र मोकळ्या मैदानात सतत पूर्ण पिळून 125 चालवत असाल तर 32:1 च्या आसपासच राहा. जितके आरपीएम आणि जितका लोड, तितकं ऑइल लागतं.

ऑइल मापानं घाला. लिटरला 32:1 साठी 31 मिली, 40:1 साठी 25, 50:1 साठी 20. झाकणानं अंदाजे ओतणाऱ्यांनी प्रमाणावर मतं देऊ नयेत.

पेट्रोल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ऑक्टेनचं. 95 आरओएन आणि 91 एकेआय हे ऑक्टेनचे आकडे जवळपास एकच, मोजण्याची पद्धत वेगळी. गरजेपेक्षा जास्त ऑक्टेननं ताकद वाढत नाही. इथेनॉलवालं पेट्रोल ओलावा शोषतं आणि पाणी फार झालं की इथेनॉलसकट तळाशी बसतं. ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, आणि कार्बला पहिला जातो तो तळाचा बिनऑइलचा थर. कॅनमध्ये महिनोन् महिने पडलेलं मिसळण गाडीत घालू नका.

काही गोष्टी राहिल्या. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू3 ऑइल डर्ट बाइकला वापरू नका. एरंडेलवालं रेसिंग ऑइल उत्तम असतं, पण थंडीत पेट्रोलमधून वेगळं होतं आणि मिनरल ऑइलशी त्याचं जमत नाही. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिन ब्रेकिंग करत असाल तर मधूनमधून रेस द्या, पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद.

आणि हे सगळं कार्बवाल्या गाड्यांचं. केटीएमच्या 2018 च्या मॉडेलपासून आलेल्या टीपीआय (कार्बऐवजी पेट्रोल इंजेक्शनवाल्या) गाड्यांमध्ये ऑइलची टाकी वेगळी असते आणि किती सोडायचं ते ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतं. तिथे पेट्रोल साधंच भरा. दादाला मी तसलीच घे म्हणून मागे लागलोय. निदान पुन्हा काही झालं तर माझ्या प्रमाणाचं नाव तरी निघणार नाही.