वर्ष वाया जाईल का?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत वाढली. कॉलेजआधी वर्षभर ‘सिटी इयर’ या संस्थेतून शहरातल्या शाळेत काम करायचं म्हणते. घरचे म्हणतात, वर्ष वाया जाईल. तुम्ही हे केलंय, म्हणून विचारते. – एक मावशी

उत्तर : मावशी, जाऊ द्या तिला. ही संस्था १९८८ साली बॉस्टनमध्ये सुरू झाली. १९९३च्या कायद्याने ‘अमेरिकोर’ ही राष्ट्रीय सेवा उभी राहिली, तिच्याशी ती जोडलेली आहे. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, ते आधी बघा. मानधन जेमतेम असतं, पण सेवा पूर्ण केल्यावर मिळणारी शिक्षणाची रक्कम कॉलेजच्या फीला लावता येते.

माझ्या वाट्याला सहावीचा वर्ग आला होता. एक मुलगा अपूर्णांक आले की पेन्सिल खाली ठेवायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. मी संस्थेचं लाल जाकीट घालून रोज त्याच्या शेजारी बसायचे, कागदाची पट्टी दुमडून दाखवायचे. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. डिसेंबरात एका सकाळी त्याने काही न बोलता पट्टी माझ्या हातातून ओढून घेतली, तीन घड्या घातल्या, उलगडली आणि बोटाने आठ भाग मोजले. आजही ते आठवलं की गळा दाटून येतो.

वर्ग सांभाळणं शिक्षकांचं काम. आपण मागे पडणाऱ्या मुलाजवळ बसायचं. हे फार थकवतं, खोटं कशाला सांगू? भाचीला एवढंच विचारा : कडाक्याच्या थंडीत, शाळा भरायच्या आधी दारात उभं राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारणं तिला रोज जमेल का?