प्रागमध्ये एकच दिवस हातात असेल तर तिथलं खगोलीय घड्याळ बघावं का?

तुम्ही विचारलंय की जुन्या शहराच्या चौकातलं, जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्यावरचं हे घड्याळ पाहून बरेच जण निराश होतात, मग त्यासाठी वेळ काढावा का. जरूर काढा. निराश होतात ते फक्त बाहुल्या बघायला आलेले. सकाळी 9 ते रात्री 11 दर तासाला सांगाडा दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या (शिष्यांच्या) मूर्ती सरकत जातात, कोंबडा आरवतो आणि टोले पडतात. मिनिटभरात सगळं संपतं. माझंही पहिल्यांदा तेच झालं. माना उंचावलेल्या गर्दीत दहा मिनिटं ताटकळलो आणि "एवढंच?" असं वाटून निघालो. शिवाय सगळे वर बघत असतात, तेव्हा खिसेकापूंचं फावतं. पाकीट सांभाळा.

दुसऱ्या दिवशी टोले पडून गेल्यावर, चौक रिकामा होत असताना गेलो आणि तासभर तबकडीच वाचत बसलो. तुम्हीही तसंच करा. खरं घड्याळ ते आहे. 1410 साली कादानच्या मिकुलाश या घड्याळजीने ते घडवलं. खगोलाचं गणित यान शिंडेल या विद्वानाचं असावं, असं मानतात. (हे घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने बनवलं आणि मग त्याचे डोळे काढले, अशी गोष्ट तिथे ऐकाल. ती दंतकथा आहे.)

तबकडीच्या मध्यभागी पृथ्वी आहे. निळा भाग म्हणजे दिवस, काळा म्हणजे रात्र आणि मधला तांबूस पट्टा संधिप्रकाशाचा. सोनेरी हात दिवसात एकच फेरी मारतो, म्हणून रोमन आकड्यांत माध्यान्ह वर आणि मध्यरात्र खाली. सगळ्यात बाहेरच्या कड्यावरचे आकडे जुन्या चेक पद्धतीचे, सूर्यास्तापासून मोजायचे. हे कडं ऋतूनुसार मागेपुढे सरकतं. हात तिथल्या 20 वर असेल तर सूर्य मावळायला 4 तास उरले. फिरायला निघालेल्या माणसाला याहून सोयीचं घड्याळ कुठलं!

मला सर्वांत भावल्या त्या वरच्या भागातल्या वक्र सोनेरी रेघा. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे त्या बारा भाग करतात, त्यामुळे उन्हाळ्यातला तास मोठा आणि हिवाळ्यातला छोटा. घरी पंचांगात राहुकाळ बघितला असेल तर हे लगेच उमगेल, कारण तिथेही दिनमानाचेच आठ भाग करतात. राशीचक्रही आहे, पण ते सायन, म्हणजे वसंतसंपातापासून राशी मोजणारं. सूर्य 21 मार्चच्या सुमारास मेषेत शिरलेला दिसेल. आपल्या निरयन (स्थिर ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या) पंचांगात मेषसंक्रांत एप्रिलच्या मध्याला येते, म्हणून घड्याळ चुकलंय असं समजू नका. अर्धा काळा, अर्धा चंदेरी गोळा म्हणजे चंद्र, आणि तो कला दाखवत स्वतःभोवती फिरतो. त्या रात्री आकाशातल्या चंद्राशी ताडून बघा.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, मे 1945 मधल्या लढाईत नगरभवनाची इमारत जळाली, प्रेषितांच्या मूर्तीही गेल्या. आजच्या मूर्ती वोयतेख सुखार्दा यांनी कोरलेल्या, आणि घड्याळ 1948 मध्ये पुन्हा चालू झालं. तिकीट काढून आत गेलात तर प्रार्थनागृहातून त्या मूर्ती जवळून दिसतात. मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे, त्यामुळे वडीलधारी माणसं बरोबर असली तरी अडचण नाही. खालून घड्याळ बघायला पैसे लागत नाहीत.

निघण्याआधी मनोऱ्याच्या पूर्वेच्या बाजूला जमिनीकडे बघा. फरसबंदीत 27 पांढरे क्रूस आहेत, हाब्सबर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडासाठी 21 जून 1621 ला इथे मृत्युदंड दिलेल्या 27 जणांचे. त्यांच्यावरून लोक न बघता चालत जातात. मी मात्र वळसा घालून गेलो.