आधी भाडेकरार वाच

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचे टिपण वाचले. वस्तीतली जुनी दुकाने एकेक करून बंद पडली, तिथे साखळी दुकानांच्या पाट्या लागल्या, म्हणून त्या दुकानांविरुद्ध मोहीम उघडावी, असा तुझा बेत दिसतो. संताप रास्त आहे. पण नवी पाटी लागण्याच्या कितीतरी आधी, भाडेकराराच्या नूतनीकरणाच्या वेळीच निकाल लागलेला असतो, आणि तुझ्या टिपणात त्या कराराचा उल्लेखही नाही.

भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी 1979 मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडेल. जागेतून आज मिळणारे भाडे आणि तिचा अधिक किफायतशीर वापर केल्यास मिळू शकणारे भाडे यांतली तफावत पुरेशी रुंदावली, की पैसा त्या वस्तीकडे वळतो. मग सधन रहिवासी येतात आणि भाडी चढतात. एकच दुकान असलेल्याला ते भाडे त्याच दुकानाच्या गल्ल्यातून भरावे लागते, तर साखळी एका शाखेचा तोटा इतर शाखांच्या नफ्यातून काही काळ सोसू शकते. जागामालकालाही मोठ्या कंपनीची सही भरवशाची वाटते, कारण इमारतीची किंमत आणि तिच्यावर मिळणारे कर्ज बहुधा भाड्याच्या उत्पन्नावर जोखले जाते. म्हणूनच काही मालक भाडे उतरवण्यापेक्षा गाळा महिनोन्‌महिने रिकामा ठेवतात. बाहेरून हा वेडेपणा वाटतो, पण त्यांच्या हिशेबात तो बसतो.

तेव्हा पत्रके छापण्याआधी दुकानदारांजवळ बस. करार कधी संपतो, नूतनीकरणाचा हक्क लेखी आहे की केवळ तोंडी, दरवर्षीची वाढ किती, कर आणि देखभाल कोणाच्या माथी, आणि स्वखर्चाने बसवलेली कपाटे, वायरिंग, शटर सोडून जावे लागल्यास भरपाई मिळते का, हे विचार. कागद दाखवायला बरेचजण कचरतील. घाई करू नकोस. काहींच्या बाबतीत भाडे हे कारणच नव्हते, असेही आढळेल: मुलांना धंदा नको होता, किंवा गिऱ्हाईक ऑनलाइन गेले. ती नावे यादीतून काढ. (ज्याचा गाळा स्वतःच्या मालकीचा होता, तो तर याच तेजीत विकून सुखाने निवृत्त झाला असेल.)

उपायांपैकी सॅन फ्रान्सिस्कोचा नियम तुला आकर्षक वाटेल. अन्यत्र अकरा किंवा अधिक शाखा असलेल्या, एकसारख्या रूपाच्या दुकानाला तिथल्या बऱ्याच व्यापारी भागांत विशेष परवानगी घ्यावी लागते, आणि 2006 च्या मतदानात नागरिकांनी या तरतुदीला बळ दिले. त्याने साखळीची वाट अडते; जुन्या दुकानाचे भाडे मात्र रोखले जात नाही. माझ्या मते दक्षिण कोरियाची दिशा अधिक नेमकी आहे: 2018 मध्ये तिथे व्यावसायिक भाडेकरूचा नूतनीकरण मागण्याचा हक्क पाच वर्षांवरून दहा वर्षांपर्यंत वाढवला गेला, आणि करार चालू असताना होणाऱ्या भाडेवाढीची मर्यादा 5 टक्क्यांवर आणली गेली. फ्रान्समध्ये नूतनीकरण नाकारणाऱ्या मालकाला सर्वसाधारणपणे भाडेकरूस नुकसानभरपाई द्यावी लागते. तुमच्या नगरपालिकेला यांतले काय करण्याचा अधिकार आहे आणि कशासाठी वरच्या सरकारकडे जावे लागेल, हे एखाद्या वकिलाकडून समजून घे.

पुढच्या पत्रासोबत निदान एका रस्त्यावरच्या गाळ्यांच्या करारांचा तक्ता पाठव. पत्रकाच्या मजकुराचे त्यानंतर पाहू.

तुझा हितचिंतक