द्राक्षावर मारलेलं ॲझॉक्सिस्ट्रॉबिन हे बुरशीनाशक बुरशीच्या पेशीत नेमकं काय करतं?

थोडक्यात, ते बुरशीची ऊर्जा तोडतं. पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, इलेक्ट्रॉन एका प्रथिनसंकुलाकडून दुसऱ्याकडे सरकतात आणि त्या जोरावर एटीपी हे पेशीचं इंधन तयार होतं. हे औषध तिसऱ्या संकुलात, सायटोक्रोम बी या प्रथिनावर जाऊन बसतं. इलेक्ट्रॉन तिथेच अडतात आणि एटीपी आटतं. बीजाणू रुजताना ऊर्जा भरपूर लागते, म्हणून केवडा किंवा भुरी हे बुरशीचे रोग दिसण्याआधीची फवारणीच खरी कामाची. पान पांढरं पडल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते मूळ: पाइनच्या शंकूंवर उगवणारी एक छोटी अळंबी इतर बुरशींना रोखायला असाच रेणू बनवते!

पण बुरशीच्या सायटोक्रोम बीमध्ये १४३व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी ॲलानिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं, की औषध तिथे नीट बसतच नाही. औषधाला दाद न द्यायला बुरशीला एवढा एकच बदल पुरतो. अशा वेळी मात्रा वाढवू नका, वेगळ्या गटाचं औषध आलटून-पालटून वापरा. आणि श्वसनाची ही साखळी माशांतही असते, त्यांना हे औषध फार विषारी आहे. पंप ओढ्यात धुऊ नका.