तिघे प्रौढ, चार बॅगा आणि एक कनू

प्रश्न : आम्ही मिनिॲपोलिसला राहतो. मी, माझी पत्नी आणि पुण्याहून सुट्टीसाठी येणारा माझा मेहुणा असे तिघे जूनच्या मध्यावर बाउंडरी वॉटर्स या मिनेसोटाच्या उत्तरेकडील तळ्यांच्या अरण्यात चार रात्रींसाठी जाणार आहोत. आमची वजने अनुक्रमे ८२, ६४ आणि ८८ किलो असून तंबू, स्वयंपाकाचे सामान व शिधा मिळून चार बॅगांचे ७५ किलो होतील. सोळा फुटी, तीन बैठकांची एक प्लास्टिकची कनू (वल्ह्यांनी चालवायची अरुंद, उघडी होडी) आम्हाला पसंत पडली आहे. तिची भारक्षमता साडेचारशे किलो असल्याचे माहितीपत्रकात लिहिले आहे. ती आम्हाला पुरेल का? मेहुण्याला पोहता येत नाही आणि वल्हवण्याची सवय आम्हा दोघांनाच थोडीफार आहे.

उत्तर : ही कनू आपण या सहलीसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण दिलेल्या आकड्यांची बेरीज ३०९ किलो होते आणि ती साडेचारशेच्या पुष्कळ आत दिसते. परंतु माहितीपत्रकातली भारक्षमता ही संथ पाण्यात, भार नीट विभागलेला असताना होडी किती वजन पेलेल याची कमाल मर्यादा असते आणि ती ठरवण्याची प्रत्येक उत्पादकाची रीतही वेगळी असते. प्रत्यक्ष सहलीसाठी त्या आकड्याच्या दोन तृतीयांशांपर्यंतच भार ठेवावा, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. त्या हिशेबाने तुमची मर्यादा ३०० किलो येते, म्हणजे पावसात भिजलेल्या तंबूचे वजन न धरताच तुम्ही ती ओलांडलेली आहे. भार भरल्यावर कनूचा काठ सर्वांत खाली असेल तिथे तो पाण्यापासून किमान सहा इंच वर राहिला पाहिजे. मोठ्या तळ्यावर दुपारी वारा उठला की याहून कमी अंतर असलेल्या होडीत लाट सहज आत येते.

तथापि वजनापेक्षाही जागेचा प्रश्न अवघड आहे. तीन बैठकांच्या सोळा फुटी कनूमध्ये मधली बैठक बहुधा लहान मुलासाठी किंवा तासा-दोन तासांच्या फेरफटक्यासाठी असते. तिथे मोठा माणूस बसला की चार बॅगा ठेवायला तळाशी जागाच उरत नाही, मग त्या एकावर एक रचल्या जातात, गुरुत्वमध्य वर सरकतो आणि एकाने नुसते मागे वळून पाहिले तरी होडी डुलते. पोहता न येणारा माणूस बरोबर असताना हा धोका पत्करणे मला योग्य वाटत नाही. त्यातच अशी प्लास्टिकची कनू चाळीस किलोंच्या आसपास भरते. बाउंडरी वॉटर्समध्ये एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना ती खांद्यावर घेऊन चालावे लागते आणि तिथली ही अंतरे ‘रॉड’मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे सुमारे पाच मीटर. नकाशावर ८० हा आकडा दिसला की दगड, मुळे आणि चिखल यांतून ४०० मीटर चालायचे आहे असे समजावे.

तिघांसाठी खरोखरच घडवलेली कनू साडेअठरा ते वीस फूट लांब असते. तुमच्याच राज्यातल्या वेनोना या कंपनीची ‘मिनेसोटा ३’ ही वीस फुटी कनू त्यांपैकी प्रसिद्ध आहे. केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या हलक्या बांधणीत तिचे वजन वीस-बावीस किलोंच्या घरात राहते, म्हणजे आपल्या प्लास्टिकच्या कनूच्या जवळपास निम्मे. लांबीमुळे भार पसरतो, तिघेही वल्हवू शकतात आणि होडी सरळ व वेगाने जाते. वळवायला मात्र ती जड जाते. अरुंद, वळणदार ओढ्यांत हे जाणवेल, परंतु तळ्यांवर त्याची विशेष अडचण होत नाही.

अशी कनू पाहताना दोन गोष्टी हाताने तपासाव्यात. पहिली म्हणजे मधली बैठक. होडी तिथेच सर्वांत रुंद, सुमारे तीन फूट असल्याने मधल्या माणसाचे वल्हे काठापलीकडे सहज पोहोचते का, हे प्रत्यक्ष बसून बघावे. त्याला इतरांपेक्षा थोडे लांब वल्हे द्यावे. दुसरी म्हणजे होडी खांद्यावर घेण्यासाठीचे लाकडी जू. दोघांच्या कनूमध्ये ते बरोबर मध्यावर कायमचे बसवलेले असते, पण तिघांच्या कनूमध्ये नेमकी तीच जागा बैठकीला लागते, म्हणून तिथे चापांनी बसवायचे सुटे जू असते. होडी काढून घेतानाच ते तिच्याबरोबर आहे ना, चाप काठावर घट्ट आवळले जातात ना आणि जू बसवल्यावर होडी पुढे किंवा मागे झुकत नाही ना, हे पाहून घ्यावे. जू विसरून पहिल्या तळ्याच्या पलीकडे पोहोचलेल्या मंडळींना पुढचा प्रवास फार कठीण जातो.

दोघांची एक आणि एकट्याची एक अशा दोन कनू नेण्याचा पर्यायही चांगला आहे. नियमांप्रमाणे एका गटात नऊ माणसे आणि चार होड्या चालतात, त्यामुळे परवान्याची अडचण येणार नाही. जागा भरपूर मिळते आणि एक होडी उलटली तरी मदतीला दुसरी असते. मात्र समोरून वारा असताना एकट्याने कनू चालवायला चांगला सराव लागतो आणि तो आपल्यापैकी कोणाचाही झालेला दिसत नाही. म्हणून या वर्षी आपण वीस फुटीच घ्यावी.

तीही विकत न घेता बाउंडरी वॉटर्सच्या वेशीवरच्या ईली गावातून भाड्याने घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. तिथल्या दुकानांत तिघांच्या केव्हलार कनू मिळतात. वीस फूट म्हणजे सहा मीटरांहून अधिक लांबीची होडी गाडीच्या टपावर बांधून चार तासांचा रस्ता कापण्याचा त्रास वाचेल आणि ती घरी ठेवायची कुठे, हा प्रश्नही उरणार नाही. केव्हलारची हलकी होडी वेगाने किनाऱ्यावर चढवू नये. गुडघाभर पाण्यात तिघांनी उतरावे, सामान काढावे आणि मगच ती उचलावी. बूट भिजणारच हे धरून चालावे.

भरताना सर्वांत जड माणूस, म्हणजे मेहुणे, मधल्या बैठकीवर बसवावेत, आपण मागे बसून दिशा सांभाळावी आणि पत्नीने पुढे बसावे. बॅगा बैठकांमध्ये तळाशी आडव्या ठेवाव्यात आणि पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित वर राहील इतकाच फरक ठेवावा. लाइफ जॅकेट पायाशी न ठेवता तिघांनीही पाण्यावर असेपर्यंत अंगात बांधून ठेवावे. जूनमध्येही तिथल्या मोठ्या, खोल तळ्यांचे पाणी इतके थंड असते की पोहणाऱ्याचेही हातपाय लवकर आखडतात. म्हणून मोठे तळे मधून ओलांडण्याऐवजी किनाऱ्याच्या कडेने, शक्यतो सकाळी, पार करावे.

प्रश्न : टोरंटोजवळ आम्हाला सतरा फुटी, रॉयलेक्स या थरांच्या प्लास्टिकची जुनी कनू स्वस्तात मिळत आहे. तिघांसाठी घ्यावी का?

उत्तर : दोघांसाठी जरूर घ्यावी, तिघांसाठी दिवसभराच्या सहलीपुरतीच. रॉयलेक्सचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले, त्यामुळे तशी कोणतीही होडी आता दहा वर्षांहून जुनी आहे. ती टिकाऊ असते, पण काठ लाकडी असतील तर काठाच्या स्क्रूंपाशी उभ्या चिरा गेल्या आहेत का, ते उजेडात नीट पाहा. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक आकसते, लाकूड तेवढे आकसत नाही आणि त्या ताणाने होडी तडकते. घेतलीत तर हिवाळ्यापूर्वी ते स्क्रू सैल करून ठेवा.